एसी नसलेल्या कारखान्याचं ऊर्जा मॉडेल: मुंबईच्या हवेत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ग्रीन बिल्डिंगच्या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: शेडमध्ये एसीच नाही, तर ऊर्जा मॉडेल कशाचं करायचं? प्रश्न अगदी योग्य आहे. ऊर्जा मॉडेल म्हणजे इमारतीत वर्षभर किती उष्णता साठते आणि किती वीज लागते याचा संगणकावरचा हिशोब. ऑफिसच्या इमारतीत बचत दिसते ती मुख्यतः वातानुकूलनात. काच चांगली घेतली, छपराला इन्सुलेशन केलं, चिलर चांगला बसवला की वर्षाचे युनिट कमी झालेले मॉडेलमध्ये लगेच दिसतात. रबाळे, तळोजा, अंबरनाथ किंवा वसईच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये हे गणितच उलटं होतं. छपराला इन्सुलेशन केलंत तर विजेचं बिल एका युनिटानेही कमी होत नाही, कारण तिथे थंड करायला वीज वापरलीच जात नव्हती. कमी होतो तो यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरचा ताप.

म्हणून अशा कारखान्याच्या मॉडेलमध्ये दोन वेगळे हिशोब असतात: शेडमध्ये किती उष्णता साठते, आणि वीज कुठे जाते. प्रमाणपत्राचे गुण बहुतेक दुसऱ्या हिशोबावर मिळतात, त्यामुळे लोक पहिला उरकून टाकतात. मी तुम्हाला उलट क्रम सांगणार आहे. उष्णतेचा हिशोब आधी, प्रामाणिकपणे; युनिटांचा त्यानंतर.

पहिली पायरी: लॅपटॉप बंद, आधी शेडमध्ये

कारखाना चालू असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता जा, आणि शक्य झालं तर रात्रपाळीतही एकदा जा. नवा बांधायचा असेल तर त्याच मालकाची जुनी शेड बघा, किंवा तसंच उत्पादन करणारी दुसरी. आराखड्यावरून न कळणाऱ्या चार-पाच गोष्टी तिथे कळतात.

यंत्रांची यादी करताना कनेक्टेड लोडवर थांबू नका. पाटीवर लिहिलेले किलोवॅट आणि प्रत्यक्ष ओढली जाणारी वीज यांत मोठा फरक असतो. क्लॅम्प मीटर लावून किंवा पॅनेलवरच्या मीटरचं वाचन घेऊन खरा आकडा काढा. मग प्रत्येक यंत्रापाशी थांबून विचारा, ही वीज शेवटी कुठे जाते? यंत्राने घेतलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती सगळी शेडमध्ये राहते की काही भाग पाण्यावाटे बाहेर जातो, हे महत्त्वाचं. इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात साच्याची आणि हायड्रॉलिक तेलाची उष्णता पाण्यावाटे चिलर किंवा कूलिंग टॉवरकडे जाते. भट्टीची उष्णता धुराड्यातून थोडी जाते, थोडी भट्टीच्या अंगातून आत पसरते. कॉम्प्रेसर शेडमध्येच ठेवला असेल तर त्याने घेतलेली जवळपास सगळी वीज आतली हवा तापवते. तो बाहेर खोलीत असेल तर नाही.

दुसरी गोष्ट, झडपा आणि शटर. मी सुरुवातीच्या काळात एका शेडच्या मॉडेलमध्ये भिंतीवरचे लूव्हर, म्हणजे तिरक्या पात्यांच्या हवेच्या झडपा, बाराही महिने, चोवीस तास उघडे धरले होते. निकाल छान आले. जुलैत साइटवर गेलो तर पश्चिमेच्या सगळ्या लूव्हरवर निळी ताडपत्री ठोकलेली होती, कारण तिरका पाऊस थेट मालावर येत होता. रात्री वॉचमन शटर खाली ओढून कुलूप लावत होता, म्हणजे रात्रीच्या गार हवेने शेड थंड होईल हे माझं गृहीतकही गेलं. मॉडेलमधला वारा फक्त कागदावर होता. तेव्हापासून मी सुपरवायझरला आणि वॉचमनला दोघांनाही विचारतो: काय उघडं असतं, कधी, आणि कोण बंद करतं? त्यांच्या उत्तराचं वेळापत्रक करून तेच मॉडेलमध्ये घालतो.

शक्य असेल तर छोटे तापमान-आर्द्रता लॉगर आठवडाभर ठेवा. एक छातीच्या उंचीवर कामगारांजवळ, एक छपराखाली, एक बाहेर सावलीत. पुढे मॉडेल खरं बोलतंय की नाही हे ठरवताना हेच आकडे कामाला येतात.

दुसरी पायरी: कोणत्या पद्धतीने मोजणार हे ठरवून घ्या

आपल्याकडे कारखान्याच्या प्रमाणपत्रासाठी साधारण तीन वाटा आहेत. हैदराबादच्या आयजीबीसीची (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) कारखान्यांसाठी स्वतंत्र ग्रीन फॅक्टरी बिल्डिंग पद्धत आहे. लीड ही अमेरिकेतली पद्धत निर्यातदार कंपन्या निवडतात, कारण त्यांचे ग्राहक ती ओळखतात. आणि टेरी ही ऊर्जा-संशोधन संस्था व केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाशी जोडलेली ग्रिहा. ऊर्जेचं पूर्ण सिम्युलेशन करायचं झालं की लीडमध्ये अॅश्रे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ९०.१ या मानकाचं परिशिष्ट जी उघडावंच लागतं. लीड व्ही४ मध्ये या मानकाची २०१० ची आवृत्ती, व्ही४.१ मध्ये २०१६ ची. प्रकल्प कोणत्या आवृत्तीखाली नोंदवला आहे ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. चुकीच्या आवृत्तीवर केलेलं काम पूर्ण वाया जातं.

या पद्धतीत दोन इमारती मांडायच्या असतात. एक तुमची प्रस्तावित, दुसरी बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी मानकाप्रमाणे उभी केलेली काल्पनिक इमारत. नवशिका अडखळतो तो इथे. त्याला वाटतं, बेसलाइनमध्ये शेडला एसी दाखवू, प्रस्तावितमध्ये एसी नाही, म्हणजे केवढी मोठी बचत! असं चालत नाही. जी जागा थंड करायचीच नाही, ती दोन्ही मॉडेलमध्ये बिनएसीचीच राहते. आणि जिथे जागा वातानुकूलित मानली जाते पण यंत्रणा दाखवलेली नाही, तिथे प्रस्तावित इमारतीतही बेसलाइनसारखीच थंड करण्याची यंत्रणा धरावी लागते. दोन्ही बाजूंनी, नसलेल्या एसीचं श्रेय फुकट मिळत नाही. मला हा नियम योग्यच वाटतो. नाहीतर कितीही तापणारी शेड फक्त एसी लावला नाही म्हणून हिरवी ठरली असती.

नैसर्गिक वायुवीजनाचं श्रेय मागायचंच असेल, उदाहरणार्थ तुम्ही एरवी लागणारे मोठे एक्झॉस्ट पंखे टाळले असतील, तर वेगळी, तपशीलवार मांडणी करून मूल्यमापकाची मान्यता घ्यावी लागते. त्यासाठी काम सुरू होतानाच लेखी विचारणा करा. शेवटच्या फेरीत ‘हे मान्य नाही’ असं उत्तर आलं तर हातात वेळ उरत नाही.

शेडला लागून असलेलं एसी ऑफिस, क्यूसी लॅब, सर्व्हर रूम हे भाग मात्र नेहमीच्या वातानुकूलित इमारतीसारखेच मांडायचे. त्यात वेगळं काही नाही.

तिसरी पायरी: हवामानाची फाइल आणि वाऱ्याची खरी ताकद

मुंबईसाठी सहसा सांताक्रूझ केंद्राची ईपीडब्ल्यू, म्हणजे वर्षभराच्या तासागणिक हवामानाची, फाइल वापरली जाते. इश्रे या भारतातल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची फाइल मिळते, नव्या वर्षांच्या नोंदींवर बनवलेल्याही मिळतात. तापमान आणि आर्द्रतेसाठी ती ठीक आहे. वाऱ्यासाठी ती जशीच्या तशी घेणं धोक्याचं.

विमानतळावरचा वारा मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. तुमची शेड चारही बाजूंनी दुसऱ्या शेडांनी वेढलेली आहे, आणि लूव्हर जमिनीपासून चार-पाच मीटरवर आहेत. एनर्जीप्लस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भूभागाचा प्रकार निवडता येतो. विमानतळावर वारा ३ मीटर प्रति सेकंद असेल, तर त्याच्या सूत्राने उपनगरी भूभागात ५ मीटर उंचीवर तो साधारण १.८५ उरतो, आणि दाट शहरी भूभागात जेमतेम १.१. वाऱ्यामुळे आत येणारी हवा वेगाच्या प्रमाणात असते. म्हणजे एका पर्यायाच्या निवडीत तुमचं वायुवीजन एक तृतीयांशावर येऊ शकतं. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या दाटीत मी शहरी भूभागच धरतो. निकाल थोडा वाईट दिसेल, पण कामगाराला फसवल्यासारखं होणार नाही.

मुंबईचे ऋतूही मॉडेलच्या नजरेने बघायला शिका. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून खारा वारा येतो. मार्चमध्ये तो उशिरा सुरू झाला की पूर्वेचा कोरडा वारा टिकतो आणि पारा अचानक चढतो. पावसाळ्यात वारा भरपूर, पण झडपा बंद आणि हवा ओलीचिंब. ऑक्टोबर हीटमध्ये वारा पडलेला, ऊन कडक, आर्द्रता अजून उतरलेली नाही. माझ्या मते शेडची खरी परीक्षा मेइतकीच ऑक्टोबरमध्ये होते, आणि अहवालात तो महिना क्वचितच कुणी वेगळा दाखवतं.

उत्तरेच्या उजेडाबद्दल इथेच सांगतो. गिरणगावातल्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं तुम्ही पाहिली असतील. उत्तरेकडच्या काचेतून ऊन न येता उजेड यावा ही त्यांमागची कल्पना. कल्पना आजही उत्तम आहे. पण मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा, जेव्हा शेड सर्वांत तापलेली असते आणि ढग अजून आलेले नसतात, तेव्हा उत्तरेच्या काचेतूनही थेट ऊन आत येतं. काचेवर थोडा पुढे काढलेला छज्जा पुरतो. मॉडेलमध्ये सावलीचा हिशोब चालू ठेवा, म्हणजे हे आपोआप दिसेल.

चौथी पायरी: सॉफ्टवेअरआधी एक पान कागद

ही पायरी टाळू नका. कागदावरचं गणित तुम्हाला मॉडेलकडून कोणत्या आकड्याची अपेक्षा ठेवायची ते सांगतं.

समजा, शेड ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद, सरासरी उंची साडेआठ मीटर. आकारमान १५,३०० घनमीटर. खाली भिंतींवर ४० चौरस मीटर मोकळी जागा, वर कण्यावरच्या मॉनिटरमध्ये (हवा बाहेर जायला छपराचा उचललेला भाग) तेवढीच. दोन्हींच्या मध्यांमधलं उभं अंतर ७ मीटर. वारा नाही असंच धरा, कारण वाईट दिवशी तो नसतोच.

गरम हवा वर जाते आणि खालून नवी आत येते. तिचं प्रमाण असं: प्रवाह गुणांक ०.६ गुणिले परिणामकारक क्षेत्रफळ, गुणिले एक वर्गमूळ. त्या वर्गमुळाखाली २ × ९.८१ × उंचीतलं अंतर × तापमानातला फरक, भागिले केल्व्हिनमधलं बाहेरचं तापमान. खालची आणि वरची जागा सारखी असेल तेव्हा परिणामकारक क्षेत्रफळ म्हणजे एका बाजूचं भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे इथे सुमारे २८ चौरस मीटर. आतबाहेर ४ अंशांचा फरक असेल तर उत्तर येतं सेकंदाला साधारण २३ घनमीटर, म्हणजे तासाला पाचेक वेळा शेडची हवा बदलते. ही हवा ४ अंशांनी तापून बाहेर जाताना सुमारे १०५ किलोवॅट उष्णता नेते.

आता आतली उष्णता मोजा. यंत्रं सरासरी २५० किलोवॅट घेतात, त्यातले १०० पाण्यावाटे बाहेर जातात असं धरू, राहिले १५०. मग छप्पर. जुना, काळवंडलेला, इन्सुलेशन नसलेला पत्रा १,८०० चौरस मीटर. कडक उन्हात तो दर चौरस मीटरमागे ७५ ते १०० वॅट आत सोडतो असं ढोबळ गणित येतं. म्हणजे १३५ किलोवॅट तरी! यंत्रांच्या जवळपास बरोबरीने पत्राच शेड तापवतोय. हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी तीन वेळा तपासलं होतं, विश्वास बसत नव्हता.

एकूण २८५ किलोवॅट या ४० चौरस मीटरमधून बाहेर काढायचे तर फरक ४ अंशांवर राहत नाही. तो ८ च्या जवळ जातो. बाहेर ३४ तर आत ४२. छपराला चांगलं इन्सुलेशन दिलं तर छपराची उष्णता १५-२० किलोवॅटवर येते आणि फरक साडेपाच अंशांपर्यंत उतरतो. त्याच्या जोडीला वर-खाली दोन्हीकडची मोकळी जागा दुप्पट केली तर साडेतीनच्या आसपास. लक्षात घ्या, जागा दुप्पट केल्याने फरक निम्मा होत नाही, सुमारे ६३ टक्के राहतो. खर्च कुठे करायचा हे मालकाला सांगताना हा एक आकडा फार उपयोगी पडतो.

आणखी एक. मोकळी जागा म्हणजे लूव्हरची चौकट नव्हे. पात्यांनी अडवलेली जागा वजा करा. पाखरं आणि डास येऊ नयेत म्हणून जाळी लावली असेल तर प्रवाह आणखी घटतो. जाळीवर धूळ बसली की पुन्हा घटतो.

पाचवी पायरी: मॉडेल उभं करणं

एनर्जीप्लस मोफत आहे आणि या कामासाठी पुरेसं आहे. चेहरा सोपा हवा असेल तर ओपनस्टुडिओ किंवा डिझाइनबिल्डर. ई-क्वेस्टवर हात बसलेले लोक बरेच आहेत, पण वायुवीजनासाठी ते तोकडं पडतं.

शिकताना सुरुवात एनर्जीप्लसमधल्या ‘विंड अँड स्टॅक ओपन एरिया’ या साध्या पर्यायाने करा. तो तुमच्या कागदावरच्या गणिताशी पडताळता येतो. निकाल जुळले की मग एअरफ्लो नेटवर्ककडे जा. त्यात प्रत्येक उघड्या जागेचा वाऱ्याचा दाब वेगळा धरला जातो आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी हवाही मोजली जाते. थेट नेटवर्कपासून सुरुवात केलेल्या नवशिक्यांना मी आठवडाभर एररमध्ये अडकलेलं पाहिलंय.

हे सॉफ्टवेअर एका झोनमधली, म्हणजे एका सलग जागेतली, हवा सगळीकडे सारख्या तापमानाची मानतं. दहा मीटर उंच शेडमध्ये तसं नसतं. छपराखाली हवा खूप तापलेली, खाली त्यापेक्षा बरी. मॉडेलचा सरासरी आकडा कामगाराच्या उंचीवर थोडा जास्त दाखवतो आणि छपराखाली कमी. क्रेनवर बसणारा चालक असेल तर त्याच्यासाठी हा फरक गंभीर आहे. सर्वांत वाईट एका तासासाठी सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं तपशीलवार संगणकी गणित, करून उंचीनुसार तापमान दाखवावं. वर्षभराचं सीएफडी करण्याची गरज नाही.

निकाल घेताना फक्त हवेचं तापमान घेऊ नका, ऑपरेटिव्ह तापमान घ्या, म्हणजे हवा आणि भोवतालचे तापलेले पृष्ठभाग दोन्ही धरून अंगाला जाणवणारं. पत्र्याची खालची बाजू ५०-५५ अंशांवर असेल तर ती डोक्यावर शेगडीसारखी तळपते. हवा ३६ ची असली तरी अंगाला ती जास्त वाटते. इन्सुलेशनचा अर्धा फायदा इथे आहे, आणि हवेचं तापमान तो दाखवतच नाही.

सहावी पायरी: माणसाला सोसवतं का

इथे बहुतेक अहवाल चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

भारतासाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तयार झालेलं आयमॅक नावाचं आरामाचं सूत्र आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला जागा मिळाली आहे. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीसाठी: आरामाचं तापमान = ०.५४ × बाहेरच्या तापमानाची ३० दिवसांची चालती सरासरी + १२.८३. नव्वद टक्के लोकांना चालेल असा पट्टा त्याच्या वर-खाली २.३८ अंश. मुंबईत मेमध्ये सरासरी ३० धरली तर आरामाचं तापमान २९, वरची मर्यादा सुमारे ३१.४. जानेवारीत सरासरी २४ धरली तर वरची मर्यादा २८.२ च्या आसपास.

आता हे आकडे बाहेरच्या हवेशेजारी ठेवा. मेच्या दुपारी बाहेरच ३३-३४ अंश असतात. नुसतं वायुवीजन आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार करू शकत नाही. म्हणजे कितीही उघडी शेड बांधली तरी मेच्या दुपारी ती पट्ट्याबाहेर जाणारच. हे लपवू नका. अहवालात वर्षातले किती कामाचे तास पट्ट्यात आहेत, किती बाहेर आहेत आणि किती अंशांनी बाहेर आहेत, महिन्यानुसार लिहा.

त्याहून मोठी अडचण अशी की आयमॅक ऑफिसांमधल्या अभ्यासातून आलं आहे. अॅश्रे ५५ मधलं तसंच सूत्रही जवळपास बसून काम करणाऱ्यांसाठीच लागू आहे. यंत्रावर उभं राहून हलकं काम करणारा कामगार २ मेटच्या आसपास असतो (मेट हे अंगमेहनतीचं माप; शांत बसलेला माणूस १ मेट), जड काम करणारा त्याहून बराच वर. त्याला हा पट्टा लावून ‘आरामदायी’ असा शिक्का मारणं चूक आहे. शेडसाठी मी आयमॅक वेगवेगळ्या पर्यायांची तुलना करायला वापरतो, आणि धोका तपासायला डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ओल्या आणि काळ्या गोलाच्या तापमानाचा निर्देशांक, ज्याची पद्धत आयएसओ ७२४३ मध्ये दिली आहे. छपराखाली, थेट ऊन नसताना तो ०.७ × नैसर्गिक ओलं तापमान + ०.३ × गोलाचं तापमान असा काढतात. मुंबईच्या दमट हवेत ०.७ चा तो वाटा निर्णायक ठरतो. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही, आणि थर्मामीटरला ते कळत नाही.

उपाय सुचवताना वाऱ्याचा झोत विसरू नका. अॅश्रे ५५ प्रमाणे अंगावर १.२ मीटर प्रति सेकंद हवा असेल तर वरची मर्यादा २.२ अंशांनी वाढवता येते. त्यासाठी मोठा एचव्हीएलएस पंखा, म्हणजे लांब पात्यांचा, सावकाश फिरणारा, एक-दीड किलोवॅट घेतो आणि मोठा भाग सांभाळतो. छोट्या कामाच्या जागांसाठी ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचे, पंखे. पाण्याच्या कूलरबद्दल मालक हमखास विचारतील. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवशी त्याने फरक पडतो, पावसाळ्यात हवा आधीच ओली असल्याने फक्त घाम वाढतो. छपरावरचे वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर वारा नसताना फार काही करत नाहीत. त्यांच्या पाटीवरचा प्रवाह कोणत्या वाऱ्याला मोजलाय ते विचारा.

कायद्याचीही एक अट नेहमी डोळ्यापुढे ठेवा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा सांगितली होती, आणि ती मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची धरायची नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. माणूस श्वास घेतो ती हवा खालची असते, हे तेव्हा कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं.

सातवी पायरी: आता युनिट

शेडमधली वीज चार ठिकाणी जाते: यंत्रं, कॉम्प्रेसर आणि पाण्याच्या यंत्रणा, दिवे, पंखे. मॉडेलमध्ये उत्पादनाची यंत्रं दोन्ही इमारतींत सारखीच धरायची असतात. तिथे बचत दाखवायची तर अपवादात्मक गणना म्हणून वेगळा पुरावा द्यावा लागतो. उदाहरणार्थ गेल्या पाच वर्षांत बांधलेला तसाच कारखाना नेहमी काय वापरतो, आणि तुमचं यंत्र त्यापेक्षा किती कमी घेतं. सगळी हायड्रॉलिक यंत्रं सोडून सर्व्हो मोटरची घेतली असतील तर हा कागदोपत्री त्रास घेण्यासारखा आहे.

दिव्यांवर सगळ्यांचं लक्ष जातं. पाहा: १५० वॅटचे ६० एलईडी हायबे (उंच छपराला टांगायचे दिवे) म्हणजे ९ किलोवॅट. वर्षाला ३०० दिवस, दिवसा १० तास. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून आणि उत्तरेच्या काचेतून येणाऱ्या उजेडावर सेन्सर लावून निम्मे वाचवले तर साडेतेरा हजार युनिट. चांगलं आहे. आता ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर बघा, तीन पाळ्यांत सरासरी ३० किलोवॅट घेणारा: वर्षाला २ लाख १६ हजार युनिट. हवेचा दाब एक बारने कमी केला की सहा-सात टक्के वाचतात, म्हणजे दिव्यांच्या सगळ्या बचतीइतके. आणि गळती! रविवारी यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळ चालू होतो ते घड्याळ लावून मोजा. पाचवा हिस्सा हवा फुकट जात असेल तर चाळीस हजारांवर युनिट तिथेच सांडतायत. प्रमाणपत्राला हे सगळं मोजता येईलच असं नाही, पण मालकाला सांगणं आपलं काम आहे.

पॉलिकार्बोनेटचे पत्रे मोजून लावा. उजेडासाठी ते हवेत, पण छपराचा फार मोठा भाग पारदर्शक केला की चौथ्या पायरीतला सगळा हिशोब पुन्हा बिघडतो. उष्णतेचा आणि युनिटांचा, दोन्ही हिशोब एकाच फाइलमध्ये असण्याचा फायदा इथे मिळतो: टक्का बदला, उजेडाचे युनिट आणि आतले अंश शेजारी-शेजारी बघा.

शेवटची पायरी: खरं की खोटं

चालू कारखाना असेल तर बारा महिन्यांच्या बिलांशी मॉडेल जुळवा. अॅश्रेच्या मार्गदर्शिका १४ प्रमाणे महिन्याच्या आकड्यांसाठी सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत आणि चढउताराची चूक १५ टक्क्यांच्या आत असावी. बिलात फक्त युनिट असतात, उत्पादन नाही. म्हणून दर महिन्याचं उत्पादन किलो किंवा नगांत मागून घ्या, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीचा खड्डा कुठून आला हे कळणार नाही. तापमानासाठी पहिल्या पायरीतले लॉगर काढा आणि त्याच आठवड्याचं मॉडेल शेजारी ठेवा.

अहवालात मूल्यमापकाला लागतं ते असं जोडा: उघड्या जागांचं जाळी-पाती वजा केलेलं क्षेत्रफळ, झडपांचं ऋतूनुसार वेळापत्रक आणि ते कुणाला विचारून ठरवलं, भूभागाचा प्रकार का निवडला, यंत्रांची मोजलेली वीज, कागदावरचं ते एक पान, आणि महिन्यानुसार पट्ट्याबाहेरचे तास. ऑक्टोबर आणि मे वेगळे दाखवा. कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात एकदा परत जा, लूव्हरवर ताडपत्री आहे का बघा, आणि असेल तर मॉडेलमध्ये तेच लिहून पाऊस अडवणाऱ्या पात्यांचा नवा आराखडा मालकाकडे घेऊन जा.